उसाचे तास मोजतो, पोटाचेही मोजावेत



हंगामाच्या तोंडावर या पानावर आम्ही बहुधा बेणे, खोडव्याचे खत किंवा तोडणी कार्यक्रम याबद्दल लिहितो. यंदा विषय निराळा आहे. पोटदुखी, आणि त्यातही अपेंडिक्सची पोटदुखी. पुस्तकी मराठीत तिला आंत्रपुच्छाचा दाह म्हणतात. शेतकी पदविका घेतलेल्या माणसाने डॉक्टरकीत नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्तही आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु गेल्या हंगामात पाचोड गटात जे घडले त्यात चूक झाली होती, आणि त्या चुकीतला एक वाटा आमचा स्वतःचा होता. म्हणून हे लिहिणे आम्हांस भाग आहे.

जानेवारीतली गोष्ट. पाचोडच्या शिवारात एका सभासदाच्या फडावर ट्रॅक्टरची टोळी लागलेली होती. टोळीत बावीस वर्षांचा एक मुलगा आणि त्याची बायको असा कोयता होता. मुलाच्या बेंबीभोवती दुपारपासून दुखू लागले. भाकरी त्याने तशीच ठेवली, आणि संध्याकाळी दोन उलट्या झाल्या. मुकादम म्हणाला, शिळं खाल्लं असेल. ओवा झाला, सोडा झाला, टोळीतल्या एका म्हातारीने "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून दिले. सकाळी आम्ही फडावर गेलो तेव्हा मुकादम म्हणाला, "सायेब, पोरगं रातभर तळमळलं. आता खाली उजवीकडं दुखायलंय म्हणतंय."

आमच्या हातात स्लिपांचे पुस्तक होते. कारखान्यावरून सकाळपासून दोनदा फोन आला होता, उसाची आवक कमी आहे, गाड्या काढा. आम्ही म्हणालो, "एवढी ट्रॉली भरू द्या, मग हाच ट्रॅक्टर त्याला पाचोडात सोडील."

ट्रॉली भरायला दुपारचे दोन वाजले. तोवर गावातल्या कोणीतरी दुखणे थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. बाराच्या सुमारास तो मुलगा उठून बसला आणि म्हणाला, आता बरं वाटतंय. सर्वांना हायसे वाटले, खरे सांगायचे तर आम्हांलाही. त्याने उठून चार मोळ्याही वाहिल्या. ट्रॅक्टर गेला तो सरळ काट्यावर गेला. दिवस मावळता मावळता त्याला हुडहुडी भरली, ताप चढला आणि पोट फळीसारखे घट्ट झाले. मग १०८ ला फोन, छत्रपती संभाजीनगरचा पन्नासएक किलोमीटरचा रस्ता आणि रात्री ऑपरेशन. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरलेला होता.

मुलगा वाचला. परंतु पंधरा दिवस दवाखान्यात गेले, आणि मग अर्धा कोयता काय कामाचा म्हणून बायकोचाही हंगाम गेला. अंगावरची उचल तशीच राहिली. तिची फेड ते दोघे यंदा करणार आहेत. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी व्हरांड्यात आम्हांला एवढेच विचारले, "सकाळी का नाही आणलं?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर होते, पण ते तेथे सांगण्यासारखे नव्हते.

आता आपल्या धंद्याचाच हिशेब घ्या. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही गेली वीस वर्षे प्रत्येक सभेत सांगत आलो आहोत. उशीर झाला की वजन घटते, साखर उतरते. फडात ऊस तोडून पडला आणि गाडी आली नाही, तर सभासद रात्री अकराला आम्हांला उठवतो, आणि उठवावेच. तेच सभासद घरातल्या पोराचे पोट दोन दिवस दुखत असले तर "उद्या बघू" म्हणतात. अपेंडिक्सलाही तासांचाच हिशेब आहे. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या दिवसात रोगी डॉक्टरच्या हातात पडला तर सहसा काम सोपे असते. छत्तीस तास उलटले की फुटण्याचा धोका वाढत जातो. कोणाचे लवकर फुटते, कोणाचे उशिरा, कोणाचे फुटतही नाही. पण कोणाचे कधी फुटेल हे बाहेरून सांगता येत नाही.

हे अपेंडिक्स म्हणजे आहे तरी काय? मोठे आतडे जेथे सुरू होते तेथे, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, करंगळीएवढी एक नळी लोंबत असते. एका तोंडाने ती आतड्याला जोडलेली असते आणि दुसरे टोक बंद असते. पाटाला फुटलेली एखादी आंधळी चारी असावी, जिच्यातून पाणी पुढे जायला वाटच नाही, तशी. तिच्या तोंडाशी विष्ठेचा खडा अडकला किंवा आतले अस्तर सुजले की चारी तुंबते. आत रस साठतो, जंतू वाढतात, नळी फुगते. फुगलेल्या नळीच्या भिंतीला रक्त मिळेनासे होते, भिंत सडते आणि एखाद्या जागी बांध फुटावा तशी फुटते. हा आजार कोणत्याही वयात होतो, पण दहा ते तीस या वयात अधिक. म्हणजे शाळेतली पोरे आणि कोयता धरणारी माणसे.

ओळख पटवण्याची मुख्य खूण म्हणजे दुखणे जागा बदलते. आरंभी बेंबीभोवती किंवा पोटाच्या वरच्या भागात बोथट दुखते. कोठे ते बोटाने नेमके दाखवता येत नाही. अन्नावरची वासना जाते. मळमळते, एखाददुसरी उलटी होते, आणि बहुधा आधी दुखणे व नंतर उलटी असा क्रम असतो. काही तासांनी दुखणे खाली उजवीकडे उतरते आणि एका जागी ठाण मांडून बसते. बेंबीपासून उजव्या कमरेच्या पुढच्या हाडापर्यंत रेघ ओढा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर जी जागा येते ती हीच. बारीक ताप येतो, कधी येतही नाही. खोकले, उडी मारली किंवा चालताना पाय आपटला की कळ येते. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसवले तर प्रत्येक खड्ड्याला रोगी पोट धरतो. आमच्या त्या मुलाला सकाळी सरळ उभे राहता येत नव्हते, उजवा पाय पोटाशी घेऊन तो पाचटावर पडून होता. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र कळला नव्हता.

आणि दुपारी त्याला जे बरे वाटले, ते? फुगलेली नळी फुटली की आतला ताण सुटतो आणि दुखणे तासा-दोन तासांपुरते उतरते. मग पू पोटात पसरतो आणि सगळे पोट दुखू लागते. रात्रभर दुखणारे पोट काही उपचार न होता एकाएकी थांबले, तर सुटलो असे समजू नये. उलट तेव्हाच गाडी काढावी.

सर्वांनाच या खुणा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होतील असेही नाही. नळी आतड्यामागे दडलेली असली तर दुखणे कमरेत जाणवते, खाली ओटीपोटात असली तर लघवीला त्रास किंवा पातळ जुलाब होतात आणि सर्व जण जुलाबाच्याच मागे लागतात. लहान मुलांना सांगता येत नाही, म्हाताऱ्यांना दुखते कमी आणि बिघडते जास्त. गरोदर बाईला दुखणे वर सरकलेले असू शकते. बाईमाणसाचे उजवीकडे दुखले तर बीजकोशाची गाठ किंवा नळीत राहिलेला गर्भ हीही कारणे असतात, आणि नळीतला गर्भ फुटला तर जीव घ्यायला त्याला दिवसही लागत नाही. मूतखडाही उजवीकडे दुखतो. म्हणून आम्ही सभासदांना अपेंडिक्स ओळखा असे म्हणत नाही. ते डॉक्टरांनी ओळखावे. आपण एवढेच ठरवावे, की सहा तासांच्या वर टिकलेली, वाढत जाणारी, जेवण सोडायला लावणारी पोटदुखी ही घरगुती उपायांची पोटदुखी नव्हे.

घरगुती उपायांवर आमचा राग नाही. ओव्याने वात सरतो हे आम्हीही अनुभवले आहे. पण अशा पोटाला एरंडेल किंवा दुसरे कोणतेही रेचक देणे, एनिमा देणे, पोट चोळणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, ही चारही कामे तुंबलेल्या चारीत आणखी पाणी सोडण्यासारखी आहेत. खायला-प्यायलाही देऊ नये, कारण ऑपरेशन करावे लागले तर भूल देताना पोट रिकामे असलेले बरे. दुखणे थांबवणाऱ्या गोळीबद्दल एक खुलासा. डॉक्टरने तपासून दिलेल्या इंजेक्शनने निदान बिघडते, अशी जुनी समजूत होती, ती आता मागे पडली आहे. धोका आहे तो दुकानातून गोळी आणून, दुखणे दाबून, पुन्हा फडात उतरण्यात.

दवाखान्यात काय होते हे माहीत नसल्यानेही माणसे कचरतात. डॉक्टर पोट दाबून बघतात. दाबताना दुखते, पण हात एकदम उचलला की अधिक दुखते, ही त्यांची खूण असते. रक्तातील पांढऱ्या पेशी मोजतात, लघवी तपासतात, बाईची गर्भाची तपासणी करतात, सोनोग्राफी करतात, शंका राहिली तर सीटी स्कॅन. निदान पक्के झाले की सुजलेली नळी काढून टाकतात. पोटावर एक छेद घेऊन, किंवा दोन-तीन बारीक छिद्रांतून दुर्बिणीने. न फुटलेल्या अपेंडिक्सचा रोगी बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत घरी येतो. ती नळी गेल्याने पचनात काही उणे पडत नाही. मात्र मोळी उचलणे डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद, आणि हे ऐकायला सर्वांत जड जाते.

ऑपरेशनशिवाय बरे होत नाही काय, असे विचारणारे सभासद आहेत. होते, काही वेळा. न फुटलेल्या, खडा न अडकलेल्या अपेंडिक्सवर केवळ प्रतिजैविक औषधे देऊन पाहण्याची पद्धत आता मान्य झालेली आहे. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, औषधांवर ठेवलेल्या दर दहांपैकी सुमारे तिघांना तीन महिन्यांच्या आतच ऑपरेशन करावे लागले. फिनलंडच्या पाहणीत पाच वर्षांनंतर हे प्रमाण दहांत चारच्या घरात गेले. शहरात दवाखान्यासमोर राहणाऱ्याने हा मार्ग डॉक्टरांशी बोलून जरूर पाहावा. आज पाचोड, उद्या दुसरा फड, परवा दुसरा जिल्हा असे हिंडणाऱ्या टोळीतल्या माणसाला पुन्हा दुखू लागले तर तो कोठे असेल? आमचे मत त्याच्यापुरते ऑपरेशनच्या बाजूने आहे, पण निर्णय डॉक्टर आणि रोगी यांचा.

येथे एक अवघड गोष्ट लिहावी लागते. "डॉक्टर लोक पैशासाठी कापतात" असे टोळीत उघड बोलले जाते, आणि ते बोलणे हवेतले नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरचे दुखणे घेऊन गेलेल्या तरुण बायांना कॅन्सरची भीती घातली गेली. खाडा पडू नये म्हणून त्यांनीही माना डोलावल्या. ज्यांच्या घरात हे घडले त्यांनी ऑपरेशन म्हटल्यावर दोन पावले मागे सरावे, यात त्यांचा दोष नाही. परंतु दोन्ही गोष्टींतला फरक ध्यानात घ्यावा. वर्षानुवर्षांच्या दुखण्यासाठी कोणी आजच्या आज कापायला सांगत असेल, तर जरूर घरी यावे आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारावे. कालपासून दुखणाऱ्या पोटासाठी तसे थांबता येत नाही. शंका असेल तर सोनोग्राफीचा कागद मागा, दुसरे मत त्याच शहरात, त्याच दिवशी घ्या. रोग्याला परत फडावर आणून विचार करत बसू नका.

डॉक्टरांवर अविश्वास असलेल्या एका फार मोठ्या माणसाची या बाबतीतली हकिगत आपल्याच राज्यात घडलेली आहे. महात्मा गांधींनी १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर कडक टीका केली होती. माती, पाणी आणि उपास यांवर त्यांचा भरवसा. १९२४ च्या जानेवारीत ते येरवडा तुरुंगात असताना पोटात दुखू लागले, ताप आला आणि निदान अपेंडिक्सचे झाले. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. ओळखीचे डॉक्टर मुंबईहून यावेत अशी खटपट झाली, पण थांबण्यात धोका होता. ज्या सरकारने तुरुंगात टाकले त्याच सरकारच्या कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरच्या हाती पोट देण्यास गांधीजींनी संमती दिली आणि नामदार श्रीनिवास शास्त्री यांच्यासमोर कागदावर सही केली. १२ जानेवारीच्या रात्री ऑपरेशन झाले. मध्येच विजेचा दिवा गेला आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटकाही केली. ससूनमधील ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. पुण्याला जाणाऱ्या सभासदांनी जमल्यास पाहावी.

त्याआधी १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला असताना त्याच्या अपेंडिक्सचा गळू उघडावा लागला होता. जगभरचे पाहुणे आलेले, मेजवान्या शिजत असलेल्या, आणि समारंभ ऑगस्टपर्यंत पुढे गेला. आमची एक ट्रॉली काही तेवढी मोठी नव्हती.

आता आपल्या कारखान्यापुरते. टोळीतला माणूस दुखणे अंगावर काढतो त्याचे पहिले कारण अज्ञान नव्हे, खाडा आहे. एक दिवस काम बंद तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर मुकादम खाड्याचे पैसे कापतो, आणि माणसाबरोबर त्याची जोडीदारीण बसली तर तिचेही. अशा माणसाला "वेळेवर दवाखान्यात जा" असे सांगणे सोपे आहे. सभासदांपैकी काहींना हे आवडणार नाही, परंतु आमचे स्पष्ट मत असे आहे की आजारपणाचा खाडा रोगी आणि त्याच्यासोबत जाणारा या दोघांनाही लागू नये, आणि हे मुकादमाच्या मर्जीवर न ठेवता तोडणी-वाहतूक करारात लिहावे. त्याचा बोजा थोडा कारखान्यावर, थोडा आपल्या सर्वांच्या टनेजवर येईल. तो किती येईल याचा हिशेब शेतकी विभागाने वार्षिक सभेपुढे मांडावा, आम्ही तो मांडायला तयार आहोत. ऊस आपला, तोडणारे हात त्यांचे. त्या हातांच्या पोटाचा काही भाग आपल्या हिशेबात यायला हवा.

दुसरे, वाहन. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. फोन करणाऱ्याने शिवाराचे नाव सांगून भागत नाही, कारण गट नंबर ड्रायव्हरला कळत नाही. जवळची डांबरी सडक, शाळा किंवा देऊळ सांगावे आणि एका माणसाला सडकेवर उभे करावे. गाडी यायला वेळ लागणार असेल तर सभासदाची जीप, मोटारसायकल, जे असेल ते. आधी पाचोडचे ग्रामीण रुग्णालय, पुढे न्यायचे की नाही ते तेथील डॉक्टर सांगतील. शहरात मोठा दवाखाना म्हणजे घाटी, १९५६ पासूनच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत घ्यावे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते हे दवाखान्यातील आरोग्यमित्राला विचारावे. मात्र कागद गावी राहिले म्हणून रोगी थांबवू नये, कागद मागाहून येतात.

तिसरे, टोळ्या उतरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात गावातील आशाताईंनी कोप्यांवर एक फेरी मारावी, अशी विनंती आम्ही करणार आहोत. पाचोडच्या आसपासच्या गावांना घरोघर हिंडणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या नव्या नाहीत. येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने हे काम अनेक वर्षे केलेले आहे. बाया बाईला सांगतात, साहेबाला सांगत नाहीत.

कराराचे काय व्हायचे ते सभेत होईल. पाचोड गटापुरते आम्ही आमच्या अधिकारात जे बसते ते ठरवून टाकले आहे. यंदाच्या प्रत्येक स्लिप पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर १०८ आणि गट ऑफिसचा फोन नंबर लिहिलेला असेल. कोणाच्या पोटात दुखत असल्याचे कळले तर स्लिपबॉयने आम्हांला न विचारता उभे असेल ते वाहन रिकामे करून द्यावे. अर्धी भरलेली ट्रॉली फडात सोडून नुसते ट्रॅक्टरचे मुंडके निघाले तरी चालेल. त्या दिवशी गटाची आवक कमी पडली तर कारखान्यावरचे बोलणे आम्ही खाऊ. सभासदांनीही आपल्या फडातली ट्रॉली तासभर अडकली म्हणून त्या पोराला रागवू नये, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी, पाचोड गट